टक एव्हरलास्टिंग : अमरत्वकथेतील पात्रे

टक एव्हरलास्टिंग : अमेरिकन बालसाहित्यकार व चित्रकार नॅटली बॅबिट (१९३२–२०१६) यांची मुलांसाठी लिहिलेली अद्‌भुतरम्य कादंबरी, प्रथम प्रकाशन १९७५. ट्रीगॅप या काल्पनिक गावालगतच्या रानात एका झाडाच्या मुळाशी झरा आहे. त्याचे पाणी जो पितो त्याचे वय तिथेच थांबते आणि त्याला मरण येत नाही. अँगस टक, त्याची बायको मे, त्यांचे मुलगे माइल्स व जेसी, रानाच्या मालकाची दहा वर्षांची मुलगी विनी फॉस्टर आणि पिवळ्या सुटातला एक निनावी माणूस ही कथेतली प्रमुख पात्रे. अमरत्वापेक्षा मरण बरे, असे तात्पर्य या कादंबरीतून सहसा काढले जाते. पात्रांची मांडणी नीट पाहिली तर ते अपुरे ठरते. एकच पाणी चौघांच्या वाट्याला चार तऱ्हांनी येते. इतरांबरोबर बदलत जाण्याची सोय गेली की माणसाचे काय उरते, हा या कादंबरीचा खरा विषय आहे.

टक कुटुंबाचे अमरत्व कमावलेले नाही आणि लादलेलेही नाही. नव्या मुलखात वस्ती करायला निघालेले हे साधे लोक वाटेत तहान भागवायला थांबले, घोड्यालाही पाणी पाजले आणि पुढे गेले. मराठी वाचकाला इथे अश्वत्थामा आठवेल. पण त्याचे चिरंजीवित्व ही शिक्षा आहे आणि तिच्यामागे अपराध आहे. टकांच्या बाबतीत ना अपराध आहे ना वरदान, त्यामुळे आपल्याच वाट्याला हे का आले याचे उत्तर त्यांना कुठेच सापडत नाही. उलगडाही तुकड्यातुकड्यांनी होतो. जेसी झाडावरून डोक्यावर पडतो आणि त्याला काही होत नाही. शिकाऱ्यांची गोळी लागूनही घोडा मरत नाही. अँगसला साप चावतो, तोही व्यर्थ. पाणी न प्यालेले मांजर मात्र आपल्या वेळेला मरते. पुढे झऱ्याजवळच्या झाडावर अँगसने कोरलेली खूण वर्षानुवर्षांनी जशीच्या तशी दिसते, तेव्हा कारण उमगते. शेवटी खात्री करून घ्यायला अँगस स्वतःच्या छातीवर बंदूक रोखून चाप ओढतो. हा प्रसंग मुलांच्या पुस्तकात आहे आणि लेखिका तो गाजावाजा न करता सांगून टाकते.

चौघांची मते त्यांच्या स्वभावातून जेवढी येतात, त्याहून अधिक ती कोणाचे काय तुटले त्यातून येतात. माइल्स बाविसाव्या वर्षी थांबला तेव्हा त्याला बायको आणि दोन मुले होती. चाळिशी उलटली तरी नवरा पोरसवदाच दिसतो हे पाहून बायकोची समजूत झाली की त्याने सैतानाशी सौदा केला आहे, आणि ती मुलांना घेऊन निघून गेली. तो सुतारकाम आणि लोहारकाम करतो, आणि जगात जागा अडवायची तर काही उपयोगी करावे असे मानतो. जेसी सतराव्या वर्षी थांबला. आता त्याचे वय १०४ असले तरी तोडायला त्याच्यापाशी संसारच नव्हता, म्हणून त्याला हे सारे मौजेचे वाटते. मे आल्या दिवसाला सामोरी जाते; दहा वर्षांनी एकदा घरी येणारी मुले आणि जवळची संगीतपेटी एवढ्यावर तिचे भागते. अँगस एकटाच उघडपणे मरण मागतो. आपण सारे स्वर्गात आहोत आणि ट्रीगॅपचे नावही कधी ऐकलेले नाही, असे स्वप्न त्याला पडते तेव्हा तो झोपेत हसतो. तळ्यातल्या होडीत तो विनीला सृष्टीच्या फिरत्या चाकाविषयी सांगतो, आणि त्याचा हा उपदेशच कादंबरीचे सार म्हणून उद्धृत होतो. पण तो चौघांपैकी एकाचा आवाज आहे. जेसीचे म्हणणे कथेत कोणी खोडून काढत नाही, ही गोष्टही तितकीच महत्त्वाची.

पिवळ्या सुटातला माणूस सपाट खलनायक आहे, हा आक्षेप जुना आणि काही अंशी खरा आहे. माइल्सच्या बायकोने ज्या घरी आसरा घेतला, तिथल्या आजीकडून त्याने न म्हाताऱ्या होणाऱ्या कुटुंबाची गोष्ट ऐकलेली असते आणि आयुष्य त्या शोधात घातलेले असते. गुपित राखण्यासाठी टकांनी आपल्या घरी नेलेल्या विनीचा ठावठिकाणा सांगण्याच्या मोबदल्यात तो फॉस्टर कुटुंबाकडून रान आपल्या नावे करून घेतो. ते पाणी ‘लायक’ माणसांना भारी दराने विकायचे, हा त्याचा बेत. तरी त्याच्या वागण्याखाली एक रास्त प्रश्न दडलेला आहे : असा झरा एका कुटुंबाने लपवून का ठेवावा? या प्रश्नाला कादंबरी युक्तिवादाने उत्तर देत नाही. विनीलाच पाण्याच्या जाहिरातीचा नमुना करण्याची धमकी तो देतो तेव्हा मे बंदुकीचा दस्ता त्याच्या डोक्यात घालते. हा कथेचा कमकुवत दुवा मानता येईल. मात्र त्याच प्रसंगात अँगस निपचित पडलेल्या त्या माणसाकडे जवळजवळ हेव्याने पाहतो आणि विनी ते टिपते. कादंबरीच्या बाजूने बोलायचे तर होडीतल्या व्याख्यानापेक्षा ही नजर अधिक वजनाची आहे.

विनी केवळ ऐकणारी आहे, तिची निवड लेखिकेने आधीच ठरवून टाकली आहे, असा दुसरा आक्षेप घेतला जातो. कथेतली तिची कृती मात्र वेगळे सांगते. पिवळ्या सुटातला माणूस मरतो आणि मे तुरुंगात जाते. तिला फाशी दिली तर ती मरणार नाही आणि गुपित फुटेल, म्हणून माइल्स गडगडाटाच्या आडोशाने तुरुंगाच्या खिडकीची चौकट उखडतो, आणि मेच्या जागी विनी कोठडीत जाऊन झोपते. सतरा वर्षांची झालीस की हे पी, असे सांगून जेसीने दिलेली बाटली ती कुत्र्याच्या तावडीतून सोडवलेल्या बेडकावर ओततानाही दिसते. विनीने इथे अमरत्व नाकारले, असे बहुतेक सारांश सांगतात. मूळ कथेत त्याच वेळी तिच्या मनात येते की पाणी संपलेले नाही, पुढे वाटलेच तर रानात आणखी आहे. म्हणजे हा नकार नव्हे. उलट एका मुक्या जिवाला न विचारता ती त्याला टकांच्याच रांगेत बसवते, आणि तेही निव्वळ कनवाळूपणाने. तिचा खरा निर्णय वाचकासमोर घडतच नाही. उपसंहारात १९५० साली अँगस आणि मे ट्रीगॅपला येतात. वीज पडून लागलेल्या आगीनंतर रान सपाट झालेले असते, झराही उरलेला नसतो. विनीच्या थडग्यावर पत्नी आणि आई असा उल्लेख व १८७०–१९४८ ही वर्षे त्यांना वाचायला मिळतात. तिने केव्हा आणि का ठरवले हे न सांगता लेखिकेने तो विचार वाचणाऱ्या मुलावर सोपवला आहे.

मुलांना हा विषय झेपेल का, ही शंकाही पात्रांकडे पाहिले की फिकी पडते. माइल्सने पकडलेला मासा परत पाण्यात सोडायला लावणारी विनी थोड्याच वेळापूर्वी असाही विचार करते, की सगळे डास अमर झाले आणि त्यांची पिल्लावळ वाढतच राहिली तर भयंकर होईल. हा विचार दहा वर्षांच्या मुलीला शोभतो, आणि त्यातली विसंगतीही तिच्या वयाची आहे. डिस्नेच्या २००२ च्या चित्रपटात विनी पंधरा वर्षांची केली गेली आणि भर प्रेमकथेवर गेला. त्यामुळे तिचा प्रश्न प्रियकर की संसार एवढाच उरला. मूळ विनीला मात्र मोठे होण्याचीच भीती आणि ओढ एकाच वेळी वाटत असते. अमरत्वाचा प्रश्न तिला विचारणे हीच बॅबिट यांची खरी कल्पकता. कारण न बदलण्याची किंमत काय, हे ज्याचे सारे बदल अजून पुढे आहेत त्यालाच ठरवावे लागते.