सरवा आणि ओमेरची मोजणी

भाताची कापणी झाली की खाचरात ज्या लोंब्या पडून राहतात, त्यांना आपण ‘सरवा’ म्हणतो. आंदर मावळातल्या शेतकऱ्याला हा शब्द समजावून सांगायला नको. ज्याला हा सरवा कळला, त्याला यहुदी लोकांची एक प्राचीन रीतही सहज कळेल. तिला ‘ओमेरची मोजणी’ असे म्हणतात.

ओमेर हे आपल्या शेर-पायलीसारखे धान्याचे एक जुने माप. वल्हांडण सणाच्या दुसऱ्या दिवशी नव्या जवाचा एक ओमेर जेरुसलेमच्या मंदिरात अर्पण करायचा आणि तेथून रोज एकेक दिवस मोजायचा. सात आठवडे, म्हणजे ४९ दिवस भरले की ५० व्या दिवशी गव्हाच्या सुगीचा सण. त्याचे नाव शावुओत.

इ. स. ७० मध्ये रोमन सैन्याने ते मंदिर पाडले. अर्पण बंद पडले. लोक देशोदेशी पांगले आणि पुष्कळांची शेतीही सुटली. पण मोजणी सुटली नाही. आजही वल्हांडणाच्या दुसऱ्या रात्रीपासून भाविक यहुदी प्रार्थना म्हणून दिवस मोजतो.

आता नुसते आकडे मोजून काय साधायचे? याचे उत्तर त्यांच्या धर्मग्रंथातच आहे. लेवीय पुस्तकाच्या २३ व्या अध्यायात या सणाचे नियम संपताच आज्ञा येते, ती अशी की, शेताचे कोपरे कापू नका, सरवा वेचू नका. ते गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्या. ज्याच्यापाशी शेतच उरले नाही, त्याने कोपरा कोठला ठेवायचा? म्हणून काही घरांत मोजणीबरोबर रोज दानपेटीत पैसे टाकतात. कोणी रोज एक नाणे टाकतो, तर कोणी दिवसाच्या आकड्याइतकी. गुरुजींनी मुलांना हे गणित जरूर घालावे. १ पासून ४९ पर्यंत बेरीज केली की १२२५ होतात. हिब्रूत दानाला ‘त्सदाका’ म्हणतात आणि त्या शब्दाचे मूळ ‘न्याय’ या अर्थाचे आहे. म्हणजे देणारा उपकार करीत नाही. ज्याचे त्याला देतो.

हे लोक आपल्याला परके नाहीत. घाटाखाली कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, बेने इस्राएल समाज शतकानुशतके तेलाचे घाणे चालवीत होता. शनिवारी घाणा बंद, म्हणून नाव पडले ‘शनिवार तेली’. पेणकर, रोहेकर, नवगावकर ही त्यांची आडनावे आणि मराठी ही त्यांची मायबोली. वल्हांडणाची मराठी पोथी १८७४ मध्ये पुण्यात छापली गेली. १९४८ नंतर त्यांतील बहुतेक इस्राएलला गेले. थोडी घरे येथे राहिली. बगदादहून आलेले यहुदी व्यापारी डेव्हिड ससून यांच्या देणगीचे ससून रुग्णालय १८६७ पासून पुण्यात उभे आहे. आपल्या मावळातला आजारी माणूसही तेथे जातो. त्याची जात-धर्म कोणी विचारीत नाही.

आज आंदर मावळात जमिनी विकल्या जात आहेत, बलुत्याची रीत मोडली आहे. शेत गेले की सरवाही जातो. मग गरिबाचा वाटा कोठे ठेवायचा, हा प्रश्न आता आपल्याही दारात आला आहे. शेत गमावलेल्या एका समाजाने तो वाटा दिवसांच्या मोजणीत ठेवला. आपण तो कशात ठेवणार, याचा विचार प्रत्येक गावाने करावा.