जुनीं क्रीडोद्यानें आणि नवा शेजारी

कल्याणच्या खाडीकांठीं दुर्गाडीचा किल्ला आहे. नवरात्रांत तेथें जत्रा भरते आणि किल्ल्याच्या पायथ्याशीं उंच पाळणे उभे राहतात. जत्रा संपली कीं पाळणेवाला आपले लोखंडी सांगाडे सोडवितो, गाडीवर लादतो आणि पुढच्या जत्रेचा रस्ता धरितो. त्याच्या शेजारीं दुसऱ्या कोणी अधिक उंच पाळणा आणून उभा केला, तर त्याचे दहा दिवस वांकडे जातील. वर्ष बुडणार नाहीं. जागा त्याची नव्हे, आणि पुढें दुसरें गांव आहेच. ठाणें जिल्ह्यांतील करमणुकीच्या व्यवहाराचें हें जुनें रूप होय. परंतु ज्यानें जमीन घेऊन, कुंपण घालून, दारावर तिकिटाची खिडकी बसवून करमणूक एके जागीं रोवली, त्यास हें सुख राहिलें नाहीं. नवा प्रतिस्पर्धी आला म्हणून त्यास बिऱ्हाड उचलतां येत नाहीं. मुंबई, ठाणें आणि कल्याण-डोंबिवलीच्या परिसरांत असा मोठा प्रतिस्पर्धी गेल्या चार दशकांत दोनदां अवतरला, आणि दोन्ही वेळां परिणाम लोकांच्या अटकळीहून वेगळा झाला.

पहिला प्रसंग १९८९ सालचा. मुंबईच्या उत्तरेस, खाडीपलीकडे गोराई येथें एस्सेल वर्ल्ड उघडलें. जागा तशी अडचणीचीच. डोंबिवलीच्या कुटुंबानें तेथें जावयाचें म्हणजे दादरला गाडी बदलून बोरिवली गांठावयाची, धक्क्यावर जाऊन होडीनें खाडी ओलांडावयाची. ठाणेकरास घोडबंदर, भाईंदर आणि उत्तन असा खुष्कीचा वळसा. तरीही लोक गेले. किंबहुना होडींतला प्रवास हाच मुलांच्या लेखीं पहिला खेळ होता. त्या उद्यानाच्या जाहिरातीचें गाणें एका सबंध पिढीच्या तोंडीं असें बसलें कीं, ज्यांनीं उद्यान कधीं पाहिलें नव्हतें अशा मुलांसही तें पाठ होतें.

त्यापूर्वीं ठाणेकरांची करमणूक म्हणजे मासुंदा तलावांतला नौकाविहार, उपवनचा कांठ, येऊरचें रान, आणि वर्षाकांठीं एखादी जत्रा नाहीं तर सर्कस. जत्रेंत प्रत्येक पाळण्याचे पैसे निराळे. बापाचा हात एकसारखा खिशांत. गोराईनें लोकांस नवीन संवय लावली: दारांत एकदां तिकीट काढावें आणि दिवस तेथेंच घालवावा. ही संवय लावण्याचा खर्च मोठ्या उद्यानानें केला; तिचा लाभ मात्र आसपासच्या लहान उद्यानांसही पोंचला, असें म्हणावयास हरकत नाहीं. घोडबंदर रस्त्यावर टिकुजिनी वाडी आणि सूरज वॉटर पार्क, नाशिकच्या महामार्गावर भिवंडीच्या बाजूस शांग्रिला, विरारपलीकडे ग्रेट एस्केप, अशीं नांवें शाळांच्या सहलींच्या आणि मे महिन्याच्या बेतांत ऐकूं येऊं लागलीं. गोराईच्या मालकांनीं १९९८ मध्यें एस्सेल वर्ल्डच्या शेजारींच वॉटर किंग्डम हें जलक्रीडेचें स्वतंत्र उद्यान उघडलें. पाण्याच्या खेळांची ओढ केवढी आहे, हें त्यांसही उमजलें होतें.

येथें दोन जातींच्या उद्यानांतला भेद ध्यानांत घेतला पाहिजे. वॉटर पार्क म्हणजे उतरत्या घसरगुंड्या, लाटांचा हौद, पाणी गाळण्याचीं व उपसण्याचीं यंत्रें, आणि कपडे बदलण्याच्या खोल्या. त्याचा खरा हंगाम होळीपासून मृगापर्यंतचा. परंतु ज्यास ऊन लागलें आहे त्यास घसरगुंडी परदेशी आहे कीं देशी याची पर्वा नसते. थीम पार्काचें तसें नाहीं. तेथें कथा रचावी लागते, त्या कथेचे देखावे उभारावे लागतात, भारी यंत्रें बाहेरदेशांतून आणावीं लागतात, आणि एकदां आलेला मनुष्य पुन्हां यावा म्हणून दर कांहीं वर्षांनीं नवें आश्चर्य दाखवावें लागतें. पहिल्या जातीचें उद्यान उन्हावर जगतें. दुसऱ्या जातीचें कुतूहलावर. ऊन दरवर्षीं येतें.

दुसरा प्रसंग १८ एप्रिल २०१३ चा. त्या दिवशीं रायगड जिल्ह्यांत, खोपोली-पाली रस्त्यावर सांगडेवाडी येथें ॲडलॅब्स इमॅजिका सुरू झालें. खोपोलीस आगगाडी १८५६ सालींच आली होती. पण या उद्यानाचा जन्म रुळांनीं नव्हे, रस्त्यानें घडविला. मुंबई-पुणें द्रुतगती मार्ग २००२ मध्यें पूर्ण झाला नसता, तर दोन महानगरांच्या मध्यावर एवढें भांडवल ओतण्याचें धाडस कोणी केलें नसतें. चित्रपटांच्या प्रक्रियाशाळेच्या धंद्यांत नांव मिळविलेले मनमोहन शेट्टी हे त्याचे प्रवर्तक. सुमारें ३०० एकर जमीन, सुमारें १,६०० कोटी रुपये खर्च, ‘मिस्टर इंडिया’ चित्रपटावर बेतलेली सफर, ‘नायट्रो’ नांवाचा पोटांत गोळा आणणारा झुलता लोहमार्ग, असा तो थाट होता. पुढल्याच वर्षीं, २०१४ मध्यें, तेथें वॉटर पार्कही उघडलें. म्हणजे ठाण्याच्या उद्यानांचें जें खास राखीव कुरण, त्यांतही नव्या शेजाऱ्यानें पाऊल टाकलें.

जुन्यांचें आतां कसें व्हावयाचें, हा प्रश्न साहजिक होता. परदेशांतील इतिहासांत याचीं उत्तरें दोन सांपडतात. अमेरिकेंत कॅलिफोर्निया प्रांतीं वॉल्टर नॉट नांवाच्या शेतकऱ्याचें फळांचें दुकान व खानावळ होती. जेवणासाठीं थांबलेल्या गिऱ्हाइकांची करमणूक व्हावी म्हणून त्यानें १९४० मध्यें जुन्या खाणगांवाची एक प्रतिकृति उभी केली. १९५५ मध्यें तेथून सुमारें सात मैलांवर डिस्नेलँड उघडलें. अशी हकीकत सांगतात कीं, उद्घाटनाहून चिंताक्रांत मनानें परतलेल्या नॉटला स्वतःचेंच गाड्यांचें आवार गच्च भरलेलें दिसलें. दूरदूरचे लोक त्या भागांत प्रथमच येऊं लागले होते, आणि आलेला मनुष्य दोन्ही ठिकाणें पाहून जात होता. नॉटनें १९६० मध्यें खाणीची सफर सुरू केली, १९६८ मध्यें कुंपण घालून प्रवेशास तिकीट लाविलें, आणि त्याचें उद्यान आजही चालू आहे. याच्या उलट फ्लॉरिडांतील सायप्रस गार्डन्स. १९३६ पासून फुलबागा आणि पाण्यावरच्या कसरती यांसाठीं तें गाजलेलें होतें. १९७१ मध्यें त्या भागांत डिस्नेचा दुसरा, अफाट पसारा सुरू झाला. त्यामागून इतर बडीं उद्यानें आलीं. आणि २००३ मध्यें सायप्रस गार्डन्सनें दार लावून घेतलें. मध्यंतरीं तें पुन्हां उघडलें आणि पुन्हां मिटलें. २०११ पासून त्या जागीं लेगोलँड आहे. हा घाव एका दिवसांत बसला नाहीं, त्यास तीस वर्षें लागलीं.

ठाण्याची स्थिति यांतल्या कोणत्याच सांच्यांत पुरती बसत नाहीं. खोपोलीस जाणारा कल्याणकर परततांना वाट वांकडी करून घोडबंदरला कांहीं उतरत नाहीं. म्हणून नॉटला जो उसना लाभ झाला तो येथें संभवत नव्हता. परंतु हानिही सरळ झाली नाहीं. खोपोलीची वारी म्हणजे पहांटे निघून रात्रीं परतण्याचा, वर्षांतून एकदां करावयाचा बेत. घोडबंदरचें वॉटर पार्क म्हणजे रविवारीं सकाळीं उठून ठरविलें तरी चालणारें काम. दोहोंचा गिऱ्हाईक एकच असला तरी त्याचा दिवस निराळा आणि पैशाची पिशवीही निराळी. शाळांच्या सहलींत मात्र फरक पडला असणार. कारण सहल वर्षांतून एकच, आणि मुलें नव्याचा हट्ट धरितात. टिकुजिनी वाडीसारख्या ठिकाणीं खेळांबरोबर निवासाची आणि समारंभांचीही सोय आहे. पाळण्यावर न बसणारा मनुष्यही लग्नाला जातो, हें शहाणपण त्यांत दिसतें.

खरी अडचण झाली ती मधल्याची. एस्सेल वर्ल्ड हें ठाण्याच्या उद्यानांइतकें जवळचें नव्हतें आणि खोपोलीच्या उद्यानाइतकें नवें राहिलें नव्हतें. लहान उद्यानाची तुलना कोणी इमॅजिकाशीं करीत नाहीं; एस्सेल वर्ल्डची प्रत्येक जण करूं लागला. लहानपणीं ज्याचा हट्ट धरला त्या उद्यानास मोठेपणीं नांवें ठेवणारी पिढी हीच त्याची परीक्षक झाली. पुढें २०२० मध्यें कोविडची साथ आली, सर्वच उद्यानें सक्तीनें बंद राहिलीं, आणि २०२२ च्या सुमारास एस्सेल वर्ल्डचे पाळणे कायमचे थांबले. तें केवळ इमॅजिकामुळें बंद पडलें असें म्हणणें धाडसाचें होईल. तेहतीस वर्षांचीं यंत्रें, खाडीपलीकडची जागा आणि साथीचा काळ हीं कारणें समोर असतांना एकट्या शेजाऱ्याच्या माथीं दोष मारतां येत नाहीं. लक्षांत घेण्याजोगी गोष्ट अशी कीं, त्याच कुंपणाशेजारचें वॉटर किंग्डम मात्र मागें उरलें. कुतूहल सरलें, ऊन सरलें नाहीं.

आणि नव्या शेजाऱ्याचें काय झालें? त्याचा इतिहास तर अधिकच उद्बोधक आहे. हजार कोटींच्या घरांतलें कर्ज डोक्यावर घेऊन इमॅजिकाच्या कंपनीनें मार्च २०१५ मध्यें आपले भाग बाजारांत आणले. आरंभीं भागाची किंमत २२१ ते २३० रुपये ठरविली होती. मागणी येईना म्हणून ती उतरवावी लागली, मुदत वाढवावी लागली, आणि अखेर १८० रुपयांवर व्यवहार झाला. गर्दी होत होती, पण व्याज गर्दीहून मोठें होतें. १ जुलै २०१७ पासून अशा उद्यानांच्या तिकिटांवर २८ टक्के वस्तु व सेवा कर बसला. २५ जानेवारी २०१८ पासून तो १८ टक्क्यांवर आला. हा भार लहानमोठ्या सर्वांवर सारखा. पण ज्याच्या पाठीवर आधींच ओझें, त्यास तो अधिक जड. सावकार बँकांचें देणें थकलें, नवा धनी शोधण्याची पाळी आली, आणि २०२२ मध्यें कंपनीचे सुमारें ६६ टक्के भाग संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे गेले. हा समूह कोण? शिर्डी आणि लोणावळा येथें वेट-एन-जॉय नांवाचीं वॉटर पार्कें चालविणारा. पाण्याच्या धंद्यांतल्या माणसानें कुतूहलाचा सबंध किल्ला विकत घेतला.

ठाण्यांतील उद्यानांचा याहून कठीण प्रतिस्पर्धी तिकीट विकीत नाहीं. घोडबंदरचा रस्ता एके काळीं गांवें, शेतें आणि दगडखाणी यांचा होता. आज त्याच्या दुतर्फा उंच इमारतींच्या रांगा आहेत. जेथें प्रत्येक चौरस फुटाचा हिशेब होतो, तेथें मुलांच्या घसरगुंडीसाठीं एकरोगणती जमीन मोकळी राखणें हाच मोठा खर्च होऊन बसतो. जोगेश्वरीस फँटसी लँड होतें. तें आज नाहीं. मात्र जी वस्ती जमिनीचा भाव चढविते, तींच घरें शनिवारीं-रविवारीं मुलें घेऊन या उद्यानांच्या दाराशीं येतात.

आतां या भूगोलाचीच मोडणी होऊं घातली आहे. ठाणें आणि बोरिवली यांच्या मधल्या डोंगराखालून जुळा बोगदा खणला जात आहे. त्याची पायाभरणी १३ जुलै २०२४ रोजीं झाली, आणि मार्गाची एकंदर लांबी सुमारें ११.८ किलोमीटर आहे. त्याचें एक तोंड बोरिवलीच्या बाजूस मागाठाणे येथें. दुसरें ठाण्याच्या बाजूस. सरकारी कागदांत त्या दुसऱ्या तोंडाचें नांव टिकुजिनी वाडी असेंच लिहिलेलें आहे. घोडबंदरचा वळसा चुकला म्हणजे ठाणेकर गोराईच्या धक्क्याजवळ लवकर पोंचेल. आणि बोरिवलीचा मुलगा डोंगराखालून बाहेर पडेल तो थेट ठाण्यांतील एका जुन्या उद्यानाच्या अंगणांत.