एअर डेक्कन : एक रुपयाच्या तिकिटाची विमानसेवा
निवृत्त लष्करी अधिकारी कॅप्टन गोपीनाथ यांनी बंगळूरमध्ये एअर डेक्कन उभी केली. ऑगस्ट 2003 मध्ये बंगळूर-हुबळी मार्गावर तिचं एटीआर जातीचं पंख्याचं विमान धावू लागलं. हुबळीसारख्या गावाला विमानाने जोडणं हेच या कंपनीचं खरं धाडस होतं. विमानात फुकट जेवण नाही, आसनक्रमांक नाही. आधी चढेल त्याला खिडकी. तिकिटं पेट्रोल पंपांवरही मिळत. काही मोजक्या जागा तर एक रुपयात विकल्या जात. आर. के. लक्ष्मण यांचा धोतर-कोटातला ‘कॉमन मॅन’ कंपनीचं बोधचिन्ह झाला. याहून नेमकी निवड शक्य नव्हती.

विस्तार मात्र कमाईच्या पुढे धावला. इंधन महागलं, स्पर्धक वाढले, तोटा साचला. 2007 मध्ये किंगफिशर एअरलाइन्स चालवणाऱ्या विजय मल्ल्या यांच्या समूहाने 26 टक्के हिस्सा घेतला. पुढच्याच वर्षी एअर डेक्कन ‘किंगफिशर रेड’ झाली आणि स्वस्त प्रवासाचा मूळ हेतू मागे पडला. 2011 मध्ये ही सेवा बंद करण्याचा निर्णय झाला. 2012 मध्ये किंगफिशरची उड्डाणंच थांबली.

डिसेंबर 2017 मध्ये केंद्राच्या ‘उडान’ योजनेतून ‘एअर डेक्कन’ हे नाव परतलं, जळगाव-मुंबई मार्गावर छोट्या विमानांसह. एप्रिल 2020 मध्ये करोनाच्या टाळेबंदीत तीही सेवा थांबली.