बाप कुठे असतो?

'निर्दयी मातेने अर्भक टाकले' हा मथळा बातमीदारीत मला वारंवार दिसतो. 'निर्दयी पिता' असा मथळा मात्र अजून पाहिला नाही.

हे आजचं नाही. १८८१ साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला स्वतःचं मूल मारल्याबद्दल फाशी सुनावली गेली; पुढे शिक्षा कमी झाली. विधवाविवाहाचा कायदा १८५६ पासून होता, पण समाज मानायला तयार नव्हता. उलट वर्तमानपत्रांत समस्त बायकांच्याच चारित्र्यावर चिखलफेक सुरू झाली.

आपल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे चिडल्या. १८८२ मध्ये त्यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' छापलं. सवाल सरळ होता: जे दुर्गुण बायकांच्या माथी मारता, ते पुरुषांत नाहीत काय? विधवेला नादी लावणारा कुठे गेला?

टीका झाली. जोतिराव फुले १८८५ मध्ये 'सत्सार'मधून त्यांच्या बाजूने उभे राहिले. पण ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलंच नाही. हेही विस्मरणात गेलं, ते स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये पुन्हा छापेपर्यंत.

अब्रू सांभाळायची बाईने, नामानिराळं राहायचं पुरुषाने, हा हिशेब तसाच आहे. अशी बातमी पुढे पाठवण्याआधी एवढंच विचारा: बाप कुठे आहे?