दीड लटी

१९३९चा जानेवारी. नाचणगावातल्या तुमच्या घराची मागची खोली कापसानं आढ्यापर्यंत भरलेली आहे. याच कापसावर तुम्ही लहानपणी लोळलात, वेचणीला गेलात, बंडीत बसून तो पुलगावला नेलात. तिथं गिरणी आहे, जिनिंग आहे, व्यापारी आहेत. कापूस जातो, कापड विकत येतं. मधलं काम मात्र घरात कुणाच्याही हाताला ठाऊक नाही.

तुम्ही प्राथमिक शाळेत मास्तर होणार, म्हणून पुलगावहून गाडीनं वर्ध्याला आलात. विद्यामंदिर ट्रेनिंग स्कूल गेल्या एप्रिलमध्ये गांधीजींच्या हस्ते सुरू झालंय. गांधीजींच्या उद्योगातून शिक्षणाच्या योजनेचा अभ्यासक्रम आखणाऱ्या झाकिर हुसेन समितीनं साडेपाच तासांच्या शाळेतले तीन तास वीस मिनिटं मूळ उद्योगाला, म्हणजे इथं सूतकताईला, दिलेत. शाळेचा कारखाना होईल, अशी टीका जोरात चालू आहे, आणि ती भीती खोटी नाही. शिकवणारा नुसता सूत मोजत बसला, तर तसंच होईल.

हातात टकळी येते. वीतभर काडी, खाली पितळेची चकती, वर आकडा. डाव्या हातात पिंजलेल्या कापसाचा पेळू. उजव्या हातानं टकळी मांडीवर घासून गरकन फिरवायची आणि डावा हात वर न्यायचा. एवढंच सांगतात. तुम्ही फिरवता, ओढता, धागा तुटतो, टकळी फरशीवर वाजते. पुन्हा तेच.

शेजारी सरावशाळेतला सात-आठ वर्षांचा पोरगा कातत बसलाय. तो तुमच्याकडं बघत राहतो.

“गुर्जी, पेळू दाबू नका नं. सोडून धरा.”

तुम्ही चिमूट सैल करता. आता पीळ बोटांपर्यंत चढतो, तंतू आपोआप सुटून त्यात ओढले जातात, आणि हातभर धागा तयार होतो! पण एका जागी जाड गाठोडं, दुसऱ्या जागी केसासारखं बारीक. नीट पाहा. पीळ सगळा बारीक जागेत पळतो. जाड जागा तशीच फुसफुशीत राहते. म्हणून तुटतो तो धागा तिथंच, बिनपिळाच्या फुगीर भागात, नाहीतर अति पीळ बसलेल्या बारीक भागात. जाड भाग दोन्ही चिमटींत धरून पीळ थोडा उलगडायचा, हलकेच ओढायचा, मग पीळ सोडायचा. तुटलं तर दोन्ही टोकं पिंजून एकावर एक ठेवायची आणि टकळी फिरवायची. गाठ मारायची नाही. पोरगा हे बोलून दाखवत नाही, करून दाखवतो.

दुपारी सूत गुंडाळायचा फाळका येतो. त्याचा एक वेढा चार फुटांचा, म्हणजे एक तार. १६० तारांची लटी, चार लट्यांची गुंडी. पहिलीच्या मुलानं सहा महिन्यांच्या सरावानंतर तीन तासांत दहा नंबरचं दीड लटी सूत काढावं, अशी अपेक्षा आहे. तुमचे गुरुजी फळ्यावर विचारतात: याचं वजन किती? दहा नंबर म्हणजे एका पौंडात दहा वेळा ८४० वार सूत. तुम्ही पाटीवर मांडता. २४० तार, ९६० फूट, ३२० वार. उत्तर येतं जेमतेम दीड तोळा. तीन तास आणि दीड तोळा! घरच्या खोलीतल्या ढिगाकडं तुम्ही असं कधी पाहिलंच नव्हतं. त्रैराशिक तुम्हाला पाठ होतं, पण त्याला वजन असतं हे आज कळतं, आणि मला या सगळ्या योजनेतली हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते.

संध्याकाळी तुम्ही यादी करायला घेता. शाळेत चाळीस पोरं असली तर चाळीस टकळ्या, कापूस पिंजायला चार-पाच धनुकल्या, दोन फाळके, एक बारीक तराजू. कापूस विकत घ्यायला नको. सरकी काढायला मात्र कुणाला तरी शिकावं लागेल. ते उद्या विचारायचं.