पोटगीच्या वॉरंटाचं कूळ

‘पोटगी’ या शब्दात पोट उघडंच दिसतं. कोर्टाच्या भाषेत त्याच्या शेजारी ‘अन्नवस्त्र’ बसतं. शब्द असे घरगुती. पण पोटगी थकली की बापाच्या नावानं जे वॉरंट निघतं, त्याचं कूळ शोधायला इंग्लंडच्या गावकीत जावं लागतं.

तिथे 1576 मध्ये, पहिल्या एलिझाबेथच्या राज्यात, एक कायदा झाला. लग्नाबाहेर जन्मलेल्या मुलाचा खर्च गावावर पडू नये म्हणून न्यायाधिकाऱ्यांनी आईबापांकडून दर आठवड्याला पैसे घ्यावेत. न दिल्यास तुरुंग. कळवळा लेकरापेक्षा गावाच्या तिजोरीचा होता.

हाच हिशेब 1861 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतून हिंदुस्थानात उतरला. ऐपत असून बायकोला किंवा मुलाला न पोसणाऱ्या माणसाला मॅजिस्ट्रेट महिन्याला कमाल 50 रुपये द्यायला लावू शके. मूल औरस की अनौरस, हे विचारायचं नाही, ही त्यातली खरी मोठी गोष्ट. 1872 ची संहिता घडवणारे जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी हेतू लपवला नाही: बेवारस भटकणाऱ्यांची संख्या वाढू नये, म्हणून ही तरतूद. घटस्फोटाचा दावा दिवाणी, पण पोटगी मागायची फौजदारी संहितेखाली, हा चमत्कारिक संसार त्यातूनच आला.

पुढे कलमाचे आकडे बदलले: 488, मग 1973 च्या संहितेत 125, आणि 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत 144. रकमेची मर्यादा 1955 मध्ये 500 रुपयांवर आली. काही राज्यांनी ती आपापल्यापुरती वाढवली, तरी केंद्राच्या कायद्यातून ती हटायला 2001 उजाडलं.

वसुलीचं यंत्र मात्र जुनंच. दंडासारखी वसुली करणारं वॉरंट. तरीही पैसे आले नाहीत, तर थकलेल्या प्रत्येक महिन्यापोटी एक महिन्यापर्यंत कैद. अट अशी की रक्कम थकल्यापासून वर्षाच्या आत अर्ज करायचा. ‘आत बसून आलो, हिशेब मिटला’ ही समजूत 1988 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मोडून काढली: कैद हा पैसे काढण्याचा मार्ग आहे, पैशांची फेड नव्हे.

‘मला नोकरीच नाही’ या उत्तरावर उपाय 2020 मध्ये निघाला, तोही नागपूरच्या एका प्रकरणात. दोन्ही बाजूंनी उत्पन्न-मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यायचं, असं सर्वोच्च न्यायालयानं ठरवून दिलं. त्या प्रकरणातली अंतरिम पोटगी कुटुंब न्यायालयानं 2015 मध्येच मंजूर केली होती. पाच वर्षांनी बापाला थकबाकीसाठी मुदत मिळाली बारा आठवड्यांची.