मेंदूच्या लहरींची साक्ष

वर्गांत धडा वाचतां वाचतां मध्येंच थबकून शून्यांत पाहणाऱ्या एका विद्यार्थ्यास मीं छडी मारली होती. पुढें त्याच्या मेंदूच्या लहरींचा आलेख निघाला, तेव्हां कळलें कीं तो अपस्माराचा झटका होता!

फेंस नाहीं, हातपाय झाडणें नाहीं. मग असा अपस्मार ओळखावा कसा?

जर्मनींतील येना येथें हान्स बर्गर यांनीं १९२४ सालीं मानवी मेंदूच्या विद्युल्लहरी प्रथम टिपल्या व १९२९ सालीं तो शोध प्रसिद्ध केला. विद्वज्जनांनीं शंकाच घेतली. १९३४ सालीं केंब्रिज येथें एड्रियन व मॅथ्यूज यांनीं त्याची सत्यता पटविली. पुढल्याच वर्षीं बोस्टन येथें गिब्ज, डेव्हिस व लेनॉक्स यांनीं दाखविलें कीं, अशा क्षणिक झटक्यांत सेकंदास सुमारें ३ वेळां एक टोकदार शिखर व त्यामागून एक संथ लाट उमटते.

कांहीं मिनिटें दीर्घ श्वसन करावयास लावलें म्हणजे हा झटका पुष्कळदां तपासणींतच प्रकट होतो. मात्र एक आलेख निर्दोष निघाला म्हणून अपस्मार नाहींच, असें ठरत नाहीं.

त्या मुलाचें लक्ष नव्हतें हें खरें. परंतु त्यांत त्याचा अपराध नव्हता. मुलास रागें भरण्यापूर्वीं एवढें आठवावें, इतकीच विनंति.